नियंत्रण गट नियंत्रणात आहे

कोणत्याही कामात माशी शिंकायची असेल तर ती सुरुवातीला शिंकते, मध्ये शिंकते किंवा शेवटी शिंकते. बाईंच्या प्रबंधात ती एका शब्दावर बसून शिंकली, आणि तो शब्दही बाईंचा नव्हता.

बाई शाळेत विज्ञान शिकवत, म्हणून शाळेत त्या बाई. इमारतीतली पोरं त्याच शाळेत, म्हणून इमारतीतही बाई. हल्ली नवराही चहा मागताना "बाई" म्हणू लागला होता, आणि वर हात उंचावून परवानगी मागत होता. शाळा सुटली की बाई सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गाला जात. पेपर सगळे सुटले होते. प्रबंध तेवढा राहिला होता. त्याला मुदतवाढ एकदाच मिळते, आणि ती बाईंनी सासूबाईंच्या मोतीबिंदूत खर्च केली होती. या खेपेला प्रबंध पास झाला नाही, तर नाव रद्द आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"नाही झालं तर नाही झालं," नवरा समजूत घालायचा. "घरात एक अर्धवट माणूस आहेच की. दोन होतील."

या सांत्वनाने बाईंचा निश्चय आणखी पक्का झाला.

विषय साधा होता. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी संथ चालत असेल, तर साधारणपणे त्याचं हृदय सुखात असतं. मग संध्याकाळी भरभर चालल्याने नाडी जास्त उतरते, की सावकाश दीर्घ श्वास घेतल्याने? इमारतीतल्या साठीच्या अलीकडच्या-पलीकडच्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट करायचे. एक गट चालेल, एक श्वास घेईल ("श्वास सगळेच घेतील," नवरा म्हणाला, "निदान तशी आशा करू"), आणि तिसरा काहीच करणार नाही. जसा आहे तसा राहील. या तिसऱ्यावाचून पहिल्या दोघांना काही अर्थ नाही. शेजारचा मुलगा शाळेत गेलाच नसेल, तर आपला पहिला आला हे कोणाला सांगणार? सहा आठवड्यांनी प्रत्येकाची नाडी किती उतरली ते मोजायचं, तिन्ही गटांच्या सरासऱ्या काढायच्या, आणि त्यांच्यातला फरक खरा की नुसता योगायोग, हे प्रचरण विश्लेषणाने ठरवायचं.

"प्रचार विश्लेषण?" सासूबाई म्हणाल्या. "तू निवडणुकीला उभी राहतेयस?"

"प्रचार नाही आई, प्रचरण. हे बघा, गटागटांत फरक दिसला म्हणून लगेच हुरळून जायचं नाही. एकाच गटातल्या माणसांमाणसांत किती फरक आहे तेही बघायचं. गटागटांतला फरक वर, गटातल्या गटातला खाली, आणि भागायचं. जो आकडा येतो त्याला एफ म्हणतात. एफ मोठा आला, तर फरक खरा."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. एक शेंग पूर्ण होईपर्यंत त्यांनी विचार केला. "म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण मोठं, की घरातल्या घरातलं, असंच ना?"

"अगदी तेच!"

"मग आपल्या घराचा एफ काही वर यायचा नाही," सासूबाई म्हणाल्या आणि पुढच्या शेंगेकडे वळल्या.

माणसांवर अभ्यास करायचा तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. ते योग्यच आहे. समिती नसती तर शास्त्रज्ञांनी काय काय केलं असतं कोण जाणे. समिती असल्यामुळे त्यांना काहीच करता येत नाही. समितीने बाईंचा अर्ज पहिल्यांदा परत पाठवला तो डावीकडचा समास अरुंद म्हणून. दुसऱ्यांदा, डावीकडचा रुंद केल्याने उजवीकडचा अरुंद झाला म्हणून. तिसऱ्यांदा समितीच्या अध्यक्षांनी बाईंना समोरच बोलावलं. हे अध्यक्ष म्हणजेच बाईंचे मार्गदर्शक सर. एकाच माणसाने एका खुर्चीत बसून मार्ग दाखवायचा आणि दुसऱ्या खुर्चीत बसून तो अडवायचा, अशी त्या संस्थेत सोय होती.

"हे काय, बाई? कंट्रोल ग्रुप?" सरांनी लाल पेन उघडलं. "संमतीपत्र सहभागी माणसाला समजेल अशा शुद्ध भाषेत हवं."

"समजेल अशा की शुद्ध, सर?"

"दोन्ही."

"मग तुलना गट म्हणू या? त्यांच्याशी बाकीच्यांची तुलनाच करायची आहे."

"छे, छे. तुलना म्हटलं की माणसं दुखावतात." सरांनी लाल शाईने ऐसपैस अक्षरांत लिहिलं, 'नियंत्रण गट', आणि मान मागे नेऊन ते निरखलं. "बघा. कसं भारदस्त वाटतं."

बाईंना काही ते रुचलं नाही. पण समास दोन्हीकडून बरोबर आले होते, शिक्का समोर होता, आणि शिक्क्यासमोर भल्याभल्यांचं शब्दप्रेम गळून पडतं. त्यांनी मान डोलावली. पुढचं सगळं रामायण त्या मान डोलावण्यातून घडलं.

चिठ्ठ्या उचलण्याचा कार्यक्रम तळमजल्यावर, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत झाला. एका बाजूला विजेचे मीटर, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी चाकं नसलेली सायकल, मधोमध टेबलावर स्टीलचा डबा. इमारत तीनमजली, वर गच्ची, आणि लिफ्ट नाही. लिफ्टसाठी राखलेल्या खोबणीत लोक जुन्या गाद्या ठेवत. तळमजल्यावरच्या सिस्टर, म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, नाड्या मोजणार होत्या. त्यांनी एकदा मनगट धरलं की समोरचा माणूस आपोआप जीभ बाहेर काढत असे.

सल्ले चहूबाजूंनी आले. एक जण म्हणाला, नाडीपेक्षा वजन मोजा, ते दिसतं तरी. दुसरा म्हणाला, वजन अजिबात नको, ते दिसतं. तिसऱ्या मजल्यावरच्या थोरल्या जाऊबाईंनी बाईंच्या कानात सांगितलं की त्यांना धाकटीच्या गटात टाकू नये. धाकट्या जाऊबाईंनी दुसऱ्या कानात तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, चिठ्ठी कोणाचं ऐकत नाही. चिठ्ठीने खरोखरच ऐकलं नाही. दोघी चालणाऱ्यांत निघाल्या.

मग साहेब पुढे आले. साहेब कधीच साहेब नव्हते. ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. पण साहेबांच्या दाराबाहेर बसून त्यांनी इतकी वर्षं काढली, की साहेबी दाराच्या फटीतून त्यांच्यात झिरपली होती. इमारतीच्या सेक्रेटरीपदाच्या निवडणुकीत ते नुकतेच आपटले होते. तेव्हापासून ते जिन्यात कोणाशी बोलत नसत, फक्त खाकरत. त्यांनी चिठ्ठी उचलली, चष्मा वर केला, चष्मा खाली केला.

"नियंत्रण गट," ते म्हणाले. साहेबांची पाठ हळूहळू सरळ झाली. "शेवटी," ते म्हणाले आणि चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. "शेवटी योग्य ठिकाणी आली."

बाईंना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला चालायला नको होतं, बरं झालं.

पाठोपाठ सासूबाईंचीही तीच चिठ्ठी निघाली. सगळे गट भरत आले तशी मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, आणि दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तावातावाने उठले. "म्हणजे नियंत्रण यांच्याकडे, आणि आम्ही काय कोंबड्यांसारखं आवारात फिरायचं? आमचं नाव काढा!" त्यांच्यामागून आणखी दहा जण ताडताड निघून गेले. हे लोक चालायच्या कंटाळ्याने गेले असं समजून बाईंनी त्यांच्या नावांपुढे 'माघार' लिहिलं. सिस्टरांनी मात्र त्या सगळ्यांची नाडी आधीच मोजून ठेवली होती.

"तुमच्या गटाने एवढंच करायचं," बाईंनी साहेबांच्या गटाला समजावलं, "की काही वेगळं करायचं नाही. आजवर जसे वागत आलात, तसेच वागा."

"त्याची चिंताच करू नका," साहेब म्हणाले. "आम्ही जन्मभर तेच करत आलोय."

"आणि एक. कोणत्या गटात काय चाललंय, ते मला कोणी सांगायचं नाही. सिस्टरांनाही नाही. आम्हाला कळलं, तर नकळत आमचा कल झुकेल. अगदी घरच्यांनीसुद्धा नाही. आई, ऐकलंत ना?"

"ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. लग्नानंतर बाईंनी सासूबाईंना दिलेली ही पहिली आज्ञा. ती सासूबाईंनी अक्षरशः पाळली, हेच दुर्दैव.

पुढचे सहा आठवडे बाई शाळेतून परस्पर ग्रंथालयात जात आणि संध्याकाळ टळल्यावर घरी येत, म्हणजे नजरेला काही पडायला नको. तरी काही ना काही कानावर पडेच. एकदा गच्चीच्या बाजूने शिट्टी ऐकू आली. बाईंना वाटलं, वॉचमनने नवीन घेतली. एकदा चालणाऱ्यांच्या गटात निघालेला नवरा घाम पुसत घरात आला आणि म्हणाला, "अगं, आम्ही चालताना मागून सारखं कोणीतरी..." बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. सासूबाईंच्या जेवणात वाढ झाली होती. पूर्वी खाली उतरायचं म्हटलं की त्या गुडघ्यांची आदल्या दिवशी परवानगी घेत. आता चपला सदैव दाराबाहेर, आणि त्याही जोडीने नव्हे, निघायच्या दिशेने.

साहेब मात्र भेटले की आवर्जून थांबत. खाकरणं बंद झालं होतं.

"बाई, तुम्ही निर्धास्त अभ्यास करा. सगळं नियंत्रणात आहे."

"तुमचे उपकार आहेत हो," बाई म्हणायच्या, मनापासून.

सहा आठवडे सरले, सिस्टरांनी पुन्हा सगळी मनगटं धरली, आणि एका रविवारी दुपारी बाई आकडे घेऊन बसल्या. नवऱ्याला बाहेर पिटाळलं, पंखा कमी केला, कारण कागद उडत होते. आधी थेट एफ काढायचा, सरासऱ्या नंतर बघायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. आंबा आधी न चोखता शेवटी चोखणाऱ्यांपैकी त्या होत्या. तीन-सव्वातीनच्या वर गेला तरी एफ पास होता. बाईंनी भागाकार केला. मग पुन्हा केला. मग पेन्सिलला टोक काढून केला. एफ चौदा आला.

बाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, तिथे कोणी नव्हतं म्हणून कपाटातल्या डब्यांना म्हणाल्या, "चौदा!" नाव रद्द होणार नव्हतं. अर्धवट माणूस घरात एकच राहणार होता.

पण एफची एक खोड असते. तो इमारतीच्या वॉचमनसारखा असतो. "वर कुठंतरी भांडण चाललंय," एवढंच तो सांगतो. कोणाच्या घरात, कोणाचं कोणाशी, ते आपण एकेक दार ठोठावून बघायचं. बाईंनी दारं ठोठावली, म्हणजे सरासऱ्या मांडल्या. चालणाऱ्यांची नाडी सरासरी तीन ठोक्यांनी उतरली होती. श्वासवाल्यांची दोन. आणि ज्यांनी काहीही करायचं नव्हतं, जे जसे होते तसेच राहणार होते, त्या नियंत्रण गटाची उतरली होती नऊ.

बाईंनी कागद उलटा करून बघितला. मागच्या बाजूला काही नव्हतं.

त्या तडक जिन्याने निघाल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच साहेब भेटले. ते वरून खाली येत होते, बाईंना बघून परत दोन पायऱ्या वर चढले, आणि त्यांना धाप म्हणून लागली नव्हती. गळ्यात शिट्टी. छातीवर पुठ्ठ्याचा बिल्ला: 'नियंत्रण'.

"साहेब, हे काय?"

"आता मुदत संपली, म्हणजे सांगायला हरकत नाही," साहेब म्हणाले. "सिस्टरांकडे जाताना बिल्ला खिशात ठेवायचा, असा आमचा दंडक होता. गुप्तता म्हणजे गुप्तता. बाई, तुम्ही आमच्यावर दोन गट सोपवलेत, आम्ही तडा जाऊ दिला नाही. गटाचे तीन भाग केले. एक तुकडी आवारात चालणाऱ्यांच्या मागे. एक गच्चीवर श्वासांकडे. आणि एक फिरती, घरोघर: कोण आलं नाही, का आलं नाही, खोटं तर बोलत नाही. गच्चीवरचे डोळे मिटले की झोपतात हो! शिट्टी त्यासाठी. तळमजला ते गच्ची, गच्ची ते तळमजला. आणि तुमच्या सासूबाई म्हणजे काय सांगू, फिरत्या तुकडीच्या प्रमुख. थोरल्या-धाकट्या जाऊबाई आवारात उलटसुलट दिशांनी चालायच्या, समोरासमोर आल्या की तोंडं फिरवून उभ्या राहायच्या. तुमच्या सासूबाईंनी दोघींना एका दिशेला लावलं!"

बाई जिन्यातच बसल्या.

"उठा, उठा," साहेब हळूच म्हणाले. "जिन्यात बसायला बंदी आहे. आमचाच नियम."

ज्या गटाने काही करायचं नव्हतं, त्याने इमारतीत सगळ्यांहून जास्त केलं होतं. तुलनेची तागडीच हलली होती. आता वजन कशाचं सांगणार? बाई घरी आल्या तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. बाईंच्या चेहऱ्यावरून त्यांना बातमी कळली होती.

"तूच म्हणालीस, सांगायचं नाही."

"हो आई."

"आणि तूच म्हणालीस, जशा आहात तशाच वागा."

सासूबाई खरोखरच जशा होत्या तशाच वागल्या होत्या, फक्त सगळ्या मजल्यांवर.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं आणि सल्ल्यांचा दुसरा हप्ता आला. दातांचे डॉक्टर जिन्यातून जाता जाता म्हणाले, "तरी मी सांगत होतो." त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, पुन्हा मोजू या, कदाचित वाढली असेल. नवऱ्याने दार लोटून आवाज खाली आणला.

"हे बघ, नावंच बदल. चालणाऱ्यांना नियंत्रण म्हण, नियंत्रणाला चालणारे. चाललेच आहेत ते. कोणाला कळणार आहे?"

"मला," बाई म्हणाल्या.

"तू सोडून?"

"मी वर्गात पोरांना सांगते, उत्तर चुकलं तर चालेल, निरीक्षण बदलायचं नाही. सोमवारी त्याच वर्गावर जायचंय मला."

नवऱ्याने दार पुन्हा उघडलं. वीस वर्षांच्या संसारात दार केव्हा उघडायचं, एवढं त्याला कळत होतं.

बाईंनी कागद परत समोर ओढले. खरोखर काहीच न केलेला असा एखादा गट हवा होता. या इमारतीत काही न करणारी माणसं मिळू नयेत? त्यांची नजर 'माघार' शब्दावर गेली आणि तिथेच थांबली. अकरा जण. नाडी सुरुवातीला मोजलेली. सहा आठवडे ते ना चालले, ना त्यांनी श्वास घेतला, ना कोणावर शिट्टी मारली. ते फक्त रुसले होते.

बाई धावतच तळमजल्यावर गेल्या. "सिस्टर, ती रुसलेली माणसं शेवटी परत आली होती का हो मोजायला?"

"सगळी आली," सिस्टर म्हणाल्या. "मी म्हटलं, तुम्ही तर माघार घेतलीत. तर डॉक्टर म्हणतात कसे, माघार अभ्यासातून घेतली, नाडीतून नाही. मग मोजली. वाया थोडीच घालवायची?"

रुसलेल्यांची नाडी सरासरी एक ठोका वाढली होती.

आता सरासऱ्या चार झाल्या आणि एफ तसाच ताठ उभा राहिला. बाईंनी प्रबंध लिहिला तो घडलं तसा. नियंत्रण गट हा नियंत्रण गट राहिला नाही, हे पहिल्याच पानावर. रुसलेले चिठ्ठीने निवडलेले नाहीत, स्वभावाने निवडलेले आहेत, म्हणून त्यांच्याशी तुलना जपून करावी, हे दुसऱ्यावर. सासूबाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि "फार सौम्य लिहिलंयस," असा अभिप्राय दिला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी संस्थेची लिफ्ट बंद होती. परीक्षेची खोली चौथ्या मजल्यावर. बाई वेळेआधी पोचल्या. मग बाहेरून आलेल्या परीक्षक आल्या, काटक, पांढऱ्या केसांच्या, हातात कापडी पिशवी. त्या खुर्चीत बसून घोटभर पाणी प्यायल्या. सर बऱ्याच वेळाने आले आणि आल्यावर बराच वेळ नुसते हाताने 'बसा, बसा' करत राहिले. बोलण्याइतका श्वास जमल्यावर त्यांनी प्रबंध उघडला.

"बाई, हे काय वाचतोय मी? नियंत्रण गट नियंत्रणात नव्हता?"

"नियंत्रण गट पूर्ण नियंत्रणात होता, सर. बाकी सगळे त्याच्या नियंत्रणात होते."

परीक्षकबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"असला शब्द वापरलाच कसा तुम्ही? सामान्य माणसाचा गैरसमज होणारच!"

बाईंनी आवाज चढवला नाही. तो त्यांचा चढतच नसे. "मी तुलना गट म्हटलं होतं, सर. 'नियंत्रण' हा शब्द समितीने सुचवला. लाल शाईने. भारदस्त वाटतं म्हणून."

सरांनी समास तपासायला घेतला. दोन्हीकडून बरोबर होता.

"मला एक सांगा," परीक्षकबाई पुढे झुकल्या. "या नियंत्रण गटाची नाडी उतरली, ती जिने चढल्यामुळे, की हुकूम चालवायला मिळाल्यामुळे?"

"ते या अभ्यासातून सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "दोन्ही गोष्टी एकाच माणसांनी एकत्र केल्या. वेगळ्या करायच्या तर चार गट लागतील. एक जिने चढेल आणि हुकूमही चालवेल. एक नुसता चढेल. एक घरात बसून नुसता हुकूम चालवेल. आणि एक काहीच करणार नाही."

"सांगता येत नाही, हे वाक्य ऐकायला मी किती खोल्यांत बसलेय," परीक्षकबाई म्हणाल्या, "आणि—"

एवढ्यात दारावर टकटक झाली. दारात बिल्ला लावलेले साहेब, त्यांच्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे सबंध नियंत्रण गट, आणि सगळ्यांत मागे सिस्टर. कोणी कठड्याला धरलं नव्हतं. कोणी छातीवर हात ठेवला नव्हता. सासूबाईंच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"परीक्षा नीट चाललीय ना, ते बघायला आलो," साहेब म्हणाले. "आमचा गट अजून बरखास्त झालेला नाही."

"तुम्ही चार मजले चढून आलात? आत्ता?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"दोनदा," सासूबाई म्हणाल्या. "आधी चुकून शेजारच्या इमारतीत चढलो होतो."

परीक्षकबाई हसू लागल्या. त्या हसण्याने खोलीतले कागद हलले म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण सरांचे हलले. सिस्टर सवयीने पुढे झाल्या, आधी साहेबांचं मनगट धरलं, मग सासूबाईंचं, आणि मग, कोणी विचारायच्या आत, सरांचं. त्यांच्या भिवया वर गेल्या. सरांनी आपोआप जीभ बाहेर काढली.

"मला वाटतं," परीक्षकबाई डोळे पुसत म्हणाल्या, "या बसलेल्या माणसाचा आकडा मोठ्याने सांगायची गरज नाही. बाई, तुम्ही उत्तीर्ण. विशेष गुणवत्तेसह. आणि तो चार गटांचा अभ्यास तुम्हीच करायचा."

जिना उतरताना नियंत्रण गटाने बाईंना मध्ये घेतलं होतं. साहेबांनी प्रत्येक मजल्यावर शिट्टी वाजवली. ती नियमात बसत नव्हती, पण नियम त्यांचेच होते. दारात नवरा हात वर करून उभा होता.

"बाई, आता घरात अर्धवट मी एकटाच का?"

"हो. खाली बसा," बाई म्हणाल्या.

नव्या अभ्यासाच्या चिठ्ठ्या त्याच जिन्याखाली, त्याच डब्यातून उचलल्या गेल्या. या वेळी शब्द बाईंचे होते, आणि समितीने समासही न मोजता शिक्का मारला होता. अख्ख्या इमारतीने गर्दी केली. जवळजवळ प्रत्येकाला 'नुसता हुकूम' गट हवा होता. दातांच्या डॉक्टरांना 'नुसता जिना' निघाला, आणि या खेपेला रुसून उपयोग नाही हे कळल्याने ते मुकाट्याने चढायला लागले. सासूबाईंना दोन्ही मिळालं. चिठ्ठीलाही काही समज असते.

गर्दी ओसरत आली तेव्हा फाटकातून सर आत आले. सहज म्हणून, असं ते म्हणाले. पण सहज आलेल्या माणसाच्या पायांत नवे कोरे बूट नसतात.

"आम्हालाही घेता येईल का, बाई? म्हणजे, अभ्यासाच्या दृष्टीने."

"या ना सर. पण चिठ्ठी कोणाचं ऐकत नाही."

सरांनी डब्यात हात घातला, बराच वेळ ढवळला, एक चिठ्ठी उचलली आणि उलगडली. तीवर बाईंच्या बारीक, सरळ अक्षरांत लिहिलं होतं: 'तुलना गट'.

"म्हणजे मी काय करायचं?"

"काहीच नाही सर. जसे आहात तसेच राहा."

सरांनी साहेबांच्या बिल्ल्याकडे बघितलं, शिट्टीकडे बघितलं, आपल्या बुटांकडे बघितलं. त्यांचा खालचा ओठ हळूहळू पुढे आला. "मग माझं नाव काढा," ते म्हणाले आणि फाटकाकडे वळले.

"रुसा खुशाल," सिस्टर त्यांच्यापाठोपाठ निघाल्या, "पण हात द्या."